रंगमावशीची झुळक्षी

रंगमावशी शिडीवर चढली की खालून तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम अख्ख्या रस्त्याला पाठ होता. तो पाठ झाला नव्हता फक्त तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला. शिडी धरायचं काम धाकटीचं, आणि शिडी धरून तोंड मिटून उभं राहणं काही तिच्या प्रकृतीला मानवत नसे. आज भाजी कोणती करायची इथपासून समोरचा औषधवाला किती सुटलाय इथपर्यंत सगळ्या बातम्या ती खालून वर पाठवायची. वरून रंगमावशी फक्त "हं" एवढंच खाली टाकायची.

त्या सकाळी मात्र धाकटी बातमी सांगत नव्हती, किंचाळत होती.

"ताई! खाली ये! आपल्या पेजवर गॉगल आलेत!"

रंगमावशी घड्याळजींच्या दुकानाची पाटी रंगवत होती. 'घड्याळ दु' इथवर निळी अक्षरं आली होती. "येते गं. रु तरी पुरा होऊ दे," ती म्हणाली.

"रु गेला खड्ड्यात! पेज गेलं आपलं!"

रंगमावशी आयुष्यात पहिल्यांदा अक्षर अर्धवट टाकून खाली उतरली. हातातला ब्रश निळ्या रंगाने ओथंबलेला तसाच.

आता हे पेज काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. रंगमावशीचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या शिडीखाली खेळता खेळताच ती अक्षर शिकली, आणि त्यांचा हात थकल्यावर तीच शिडीवर चढली. पुढे छापील फ्लेक्स आले. एका रात्रीत छापायचे, सकाळी ठोकायचे, वर्षभराने फाटले की दुसरे. एकेक करून पाट्या उतरल्या. बाबांच्या हातची एकसुद्धा पाटी आता रस्त्यावर उरली नव्हती. उरले होते ते त्यांचे फोटो. मूळ कागदी फोटोंना ओल लागून ते एकमेकांना कधीच चिकटले होते, पण त्याआधी धाकटीच्या सुनेने सगळे कॉम्प्युटरवर घेऊन इंटरनेटवरच्या फोटोंच्या खात्यात नीट चढवून ठेवले होते. त्यातलेच काही, आणि रंगमावशीच्या कामाचे व्हिडिओ, धाकटी इंटरनेटवर उघडलेल्या दोघींच्या पेजवर टाकायची. बघता बघता लोक वेडे झाले. रंगमावशी ब्रश कसा वळवते एवढं बघायला कुठल्या कुठल्या गावचे लोक येऊन बसत, आपापल्या घरात, आपापल्या मोबाईलवर. ज्या बाईचा धंदा बसला म्हणून सगळ्यांनी हळहळून घेतलं होतं, तिला पुन्हा कामं मिळू लागली.

आणि कळस म्हणजे, फॉन्ट बनवणारी एक बाई येत्या शनिवारी येणार होती. बाबांची आणि रंगमावशीची अक्षरं घेऊन तिला कॉम्प्युटरसाठी एक अख्खा फॉन्ट घडवायचा होता. "तुमचे सगळे फोटो मला द्या, त्यातून एकेक अक्षर वेचते," असं ती फोनवर म्हणाली, तेव्हापासून रंगमावशीला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. बाबांचा क्ष लोक पत्रांत लिहिणार! बाबांची वेलांटी पुस्तकांवर छापली जाणार!

आणि आज, शनिवार तोंडावर आला असताना, पेजवर काळे गॉगल विकले जात होते. रंगमावशीच्या फोटोच्या जागी एका दाढीवाल्याचा फोटो. धाकटी लॉगिन करायला गेली की एकच उत्तर: पासवर्ड चुकीचा आहे.

"चुकीचा कसा? बरोबर टाकलास ना?" रंगमावशीने विचारलं.

"झुळक्षी, आपला नंबर आणि शेवटी टिंब. जन्मभर तोच टाकतेय!"

तर, झुळक्षी. या शब्दाला अर्थ नाही. तो बाबांनी नवा ब्रश तपासायला घडवलेला शब्द. झ ची गाठ, उकाराचा झोका, ळ चे दोन गोळे, क्ष चा पीळ आणि वर डौलदार दीर्घ वेलांटी. हातात धरलेला ब्रश एवढं सगळं सांभाळून गेला तर तो कामाचा, नाहीतर टर्पेंटाईनच्या डब्यात. रंगमावशीही तेच करायची. कुठलंही काम सुरू करताना आधी जवळच्या भिंतीच्या कोपऱ्यात, शटरच्या कडेला, डब्याच्या झाकणावर, जागा मिळेल तिथे एक झुळक्षी लिहायची आणि मगच पाटीला हात घालायची.

खाती वाढत गेली तसे पासवर्ड आले. मेल, फोटो, पेज, बँक, वीजबिल, रंग मागवायचं दुकान, चष्मेवाल्याचंसुद्धा वेगळं खातं. पहिल्याच खात्याने "पासवर्ड लिहा" म्हटलं, तेव्हा रंगमावशीच्या हाताने सवयीने जे पहिलं लिहायचं ते लिहिलं, फक्त इंग्रजी अक्षरांत. मशीन म्हणालं आकडा हवा, म्हणून आपल्या दुकानाच्या दारावर रंगवलेला, व्हिडिओत नेहमी दिसणारा नंबर जोडला. चिन्ह हवं म्हणालं, तर टिंब दिलं. मग प्रत्येक दारात तेच.

धाकटीची सून एका दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होती. तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "मावशी, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नका हो!"

"अगं, कुठल्या डिक्शनरीत सापडतो हा शब्द, दाखव मला!" रंगमावशी फुशारकीने म्हणाली होती. सासूच्या मोठ्या बहिणीशी कोण वाद घालणार?

डिक्शनरीत नव्हताच तो. तो गावातल्या निम्म्या भिंतींवर होता. पेजवरच्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला होता. आणि गेल्याच आठवड्यात कुणीतरी खाली विचारलं होतं, "मावशी, तुम्ही आधी लिहिता तो शब्द कसला?" त्यावर रंगमावशीने धाकटीकडून मोठ्या कौतुकाने उत्तर लिहून घेतलं होतं: "हा माझ्या हाताचा शब्द. मी कुठेही काहीही सुरू करताना आधी हाच लिहिते." त्या उत्तरावर बदामांचा पाऊस पडला होता. एवढ्या बदाम देणाऱ्यांत एक जण नुसता कौतुक करून थांबणारा नव्हता.

धाकटीने सुनेला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, हाच पासवर्ड अजून कुठे कुठे आहे?" सगळं ऐकून सुनेने विचारलं.



"सगळीकडे," रंगमावशी म्हणाली. एवढा बारीक आवाज तिचा रस्त्यात कुणी ऐकला नव्हता.

"बरं. पेज सोडा आता. बँक मी इकडून फोन करून थांबवते. तुम्ही मेल उघडा, आधी मेल!"

"अगं, मेलचं काय घेऊन बसलीस? फोटो! माझ्या बाबांचे फोटो!"

"मावशी, ऐका माझं. पासवर्ड हरवला की नवा करायची चिठ्ठी मेलवर येते. मेल त्याच्या हातात गेलं की सगळी खाती त्याची. मेल आपल्या हातात असलं तर जे गेलं तेही ओढून आणता येईल. पळा!"

पळायला जागा नव्हती, म्हणून धाकटी उभ्या जागी मेल उघडायला लागली. तेवढ्यात मोबाईल गुरगुरला आणि पडद्यावर पाटी आली: 'नवीन ठिकाणाहून कुणीतरी तुमचं मेल उघडत आहे. तुम्हीच आहात का?' खाली दोन चौकोन. हो आणि नाही.

इथे धाकटीचा एक जुना गुण सांगणं भाग आहे. मोबाईलने काहीही विचारलं की ती "हो" दाबायची. परवानगी द्यायची का? हो. आमच्या अटी मान्य आहेत का? हो. एकदाची ब्याद टळली की झालं, असा तिचा खाक्या. आताही तिचं बोट ठरल्याप्रमाणे "हो"कडे निघालं.

"अगं मेले!" म्हणून रंगमावशीने हातातल्या ब्रशचा फटका तिच्या बोटांवर हाणला. बोट बचावलं, पण मोबाईलचा पडदा इकडून तिकडे निळा झाला. हो दिसेना, नाही दिसेना. ऑइलपेंटखाली बोट फिरवलं तरी पडदा ढिम्म.

"काय झालं? बोला ना!" स्पीकरमधून सून ओरडत होती.

"रंग सांडला!" धाकटी रडकुंडीला आली. "आता बदलतो तो पासवर्ड! गेलं सगळं!"

रंगमावशीचं डोकं मात्र अशा वेळी थंड व्हायचं. अक्षर ओघळलं तर काय करायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चिंधीवर टर्पेंटाईनचा थेंबभर घेतला, घासायचं नाही, नुसतं टिपायचं, कडेकडून मधे. एक हात, दुसरा हात, आणि निळ्या धुक्यातून "नाही" वर आलं. तिने ते असं दाबलं की मोबाईल धाकटीच्या हातून निसटायचाच राहिला.

"नाही!" ती मोबाईलवर खेकसली. "मी नाही! चालता हो!"

औषधवाला दुकानातून बाहेर आला. घड्याळजी तर केव्हाचे दारात येऊन उभे होते. 'घड्याळ दु' या पाटीखाली ते जरा केविलवाणेच दिसत होते, पण "दुच्या पुढे काय?" हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

"शाब्बास मावशी!" सून म्हणाली. "आता लगेच नवा पासवर्ड. चार शब्द घ्या, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. तुमचं नाव, गाव, घरातलं माणूस नको. समोर दिसतंय त्यातलं नको. आणि पेजवर ज्या पाट्यांचे फोटो आहेत त्यांवरचं तर अजिबात नको!"

इतका वेळ न डगमगलेली रंगमावशी इथे अडली. डोक्यात झुळक्षीशिवाय काही येईना. हात कोरा पडला. मग तिने डोळे मिटले. ज्यांचे फोटो कुणी कधी काढलेच नाहीत अशा पाट्या थोड्या होत्या का? बाबांच्या बोटाला धरून बघितलेल्या, पाडून टाकलेल्या गल्ल्यांतल्या, नाव घेणारं माणूससुद्धा न उरलेल्या दुकानांच्या. मिटल्या डोळ्यांनी ती भराभर चालत गेली आणि वाटेत वाट्टेल तिथून एकेक शब्द उचलला. एक इथला, एक पार तिकडचा. चौघांची एकमेकांशी ओळखदेख नाही.

"सांग, मी टाकते," धाकटी म्हणाली.

"तू? अख्ख्या रस्त्याला ऐकवशील! आण इकडे."

रंगमावशीने पाठ फिरवून, डाव्या हाताने, एका बोटाने चार शब्द टाकले. ते शब्द इथेही सांगायचे नाहीत. मेलने ते गिळले, "पासवर्ड बदलला" म्हणून कबूल केलं आणि सुनेने सांगितलेलं शेवटचं बटन दाबल्यावर बाकी सगळ्या ठिकाणांहून मेल बंद होऊन फक्त या निळ्या मोबाईलवर उरलं.

"आता फोटो," सून म्हणाली.

फोटोंच्या खात्याचा पासवर्ड त्या भामट्याने बदलून टाकला होता. धाकटी मटकन शिडीच्या पायरीवर बसली. पण रंगमावशीला आता गंमत कळली होती. 'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि चिठ्ठी आली कुठे? मेलवर! दोन क्षणांपूर्वी वाचवलेल्या मेलवर! "आली गं आली!" करत रंगमावशी भर रस्त्यात नाचायची बाकी होती. नवा पासवर्ड, नवे चार शब्द, दार उघडलं.

आत काहीच नव्हतं.

पांढरा पडदा आणि मधे एक ओळ: 'इथे अजून एकही फोटो नाही.'

रंगमावशीच्या डोळ्यांपुढून बाबांचा लाँड्रीवाल्याचा बोर्ड गेला, चांभाराची पाटी गेली, छापखान्याच्या दारावरची सोनेरी अक्षरं गेली. एकदा भिंतींवरून गेली होती, आता इथूनही. "मीच दिली किल्ली त्याला," ती पुटपुटली. "चव्हाट्यावर उभी राहून, हौसेने दिली." आणि साठी ओलांडलेली ती नाकावर राग असलेली बाई खांद्याला डोळे पुसायला लागली, कारण हात रंगाचे होते.

"मावशी," फोनमधून सून घाईघाईने म्हणाली, "खाली कोपऱ्यात कचऱ्याचा डबा आहे का बघा. असतो. पुसलेले फोटो तिथे काही दिवस पडून राहतात. त्याला तो रिकामा करायला वेळ मिळाला नसेल तर..."

धाकटी उठली. डबा सापडला. तिने तो उघडला, आणि अशी काही बोंब ठोकली की कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने ब्रेक दाबला.

"आहेत! ताई, आहेत! सगळे आहेत!"

'परत आणायचे का?' मोबाईलने विचारलं.

"आता दाब हो," रंगमावशी म्हणाली. "कचकचून दाब!"

आयुष्यभर नको तिथे "हो" म्हणत आलेल्या धाकटीला अखेर योग्य जागा मिळाली. आणि फोटो यायला लागले! एकेक चौकोन भरत गेला. छापखाना आला, चांभार आला, पिठाची गिरणी आली. घड्याळजी आणि औषधवाला डोकी घालून बघत होते, जणू निवडणुकीचा निकाल लागतोय. "हा आमच्या दुकानाचा! माझ्या वडिलांच्या वेळचा!" घड्याळजी ओरडले आणि त्यांनी औषधवाल्याला मिठी मारली, जी दोघांच्या हयातीत पहिलीच असावी.

लाँड्रीच्या बोर्डाचा फोटो आला तेव्हा रंगमावशीने मोबाईल हिसकावून घेतला. दोन बोटांनी तो मोठा करत करत ती फोटोच्या कोपऱ्यात गेली. बोर्डाखालच्या भिंतीवर बाबांच्या हातची एक झुळक्षी होती, ब्रश तपासलेली, झोकदार. आणि तिच्या शेजारी, पण जरा खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तोल गेलेली, एका बाजूला घसरलेली दुसरी एक झुळक्षी. वेलांटी तर पार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर.

"ही कुणी लिहिली?" धाकटीने विचारलं.

"मी," रंगमावशी म्हणाली. "पहिली."

संध्याकाळी सून कामावरून थेट रंगमावशीकडे आली, चहासुद्धा नको म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघींना शाळेतल्यासारखं बसवलं. तिने मोबाईलवर पासवर्ड सांभाळणारं एक अ‍ॅप घातलं. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, आणि तो अ‍ॅपनेच बनवायचा. पडद्यावर अक्षरांचा, आकड्यांचा, चिन्हांचा जो काही काला उमटला तो बघून रंगमावशीने तोंड फिरवलं.

"शी! ना ताल ना तोल. हे कोण पाठ करणार?"

"कुणीच नाही. तीच तर मजा आहे. तुम्ही पाठ करायचा तो एकच, या अ‍ॅपच्या पेटीचा. लांबलचक, तुमच्या डोक्यातला, दुसरीकडे कुठेही न वापरलेला. आणि नव्या ठिकाणाहून कुणी दार वाजवलं की मोबाईलवर आकडा येईल. तो आकडा कुणालाही सांगायचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. आई, ऐकताय ना?"

"मलाच का सांगतेस?" धाकटी फणकारली. दोघींनीही तिच्याकडे नुसतं बघितलं.

फोटोंची एक प्रत सुनेने वेगळ्या डिस्कवर घेतली आणि ती धाकटीच्या कपाटात गेली. आणि रंगमावशीला काही झालंच, तर पेटी उघडायचा अधिकार कुणाला द्यायचा, असं अ‍ॅपने विचारलं. सुनेला वाटलं मावशी तिचंच नाव सांगेल. रंगमावशीने धाकटीचं सांगितलं.

"आईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, मावशी!"

"माहीत आहे. पण शिडी तिनेच धरलीय आजवर."



दुसऱ्या दिवशी रंगमावशी पुन्हा घड्याळजींच्या शिडीवर चढली. ब्रश बुडवला, सवयीने भिंतीच्या कोपऱ्याकडे वळली आणि थांबली. त्या शब्दाचा तिला राग आला होता. तिने तसाच रु काढायला घेतला, तर तो असा थरथरीत आला की पुसावा लागला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. हात बसेना. आपला हातच चोराने नेला की काय, असं तिला वाटलं.

"ताई," खालून धाकटी म्हणाली, "लिही की झुळक्षी. सगळी कुलपं बदलली काल. आता तिने कुणाचं काही उघडत नाही. आता ती नुसती आपली आहे."

रंगमावशीने चक्क खाली वळून बघितलं. मग भिंतीच्या कोपऱ्यात एका दमात झुळक्षी लिहिली, गाठ, झोका, गोळे, पीळ, वेलांटी, सगळं जागच्या जागी. आणि मग 'रुस्ती' अशी सरसर उतरली की घड्याळजींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पेज परत मिळायला वेळ लागला. अर्ज, पुरावे, वाट बघणं. मिळालं तेव्हा त्यात अजून गॉगल होतेच. पण शनिवारी फॉन्टवाली बाई आली तोवर फोटो मात्र एकूण एक हजर होते. ती तासन्‌तास बघत बसली, मधूनमधून स्वतःशीच "अहाहा" करत. शेवटी तिने विचारलं, "फॉन्टला नाव काय द्यायचं?"

"झुळक्षी!" धाकटी रंगमावशीच्या आधी बोलून मोकळी झाली.

"नाव झकास आहे," बाई म्हणाली. "पण मावशी, हे जगजाहीर होणार बरं का. चालेल ना?"

"चालेल म्हणजे? पळेल!" रंगमावशी म्हणाली. तिने लाँड्रीचा फोटो पुढे केला. "आणि नावासाठी अक्षरं यातून घे. कोपऱ्यात बघ, दोन आहेत."

बाईने फोटो मोठा केला. "वरची वडिलांची ना? सुरेख आहे. हीच घेते."

"दोन्ही घे," रंगमावशी म्हणाली. "शेजारी शेजारी, आहेत तशाच. खालची सरळ करू नकोस."